पाठवणीचे दोन फोटो

उटनूरला माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. काही वर्षांपूर्वी जवळच्या एका गावात लग्नाचं काम घेतलं. नवरीचे वडील कापूस-ज्वारी करणारे, अबोल. कॅमेरा वळला की बाजूला व्हायचे. "माहा कायले? पोरीचा काढा," म्हणायचे. पाठवणीला मात्र पोरगी गळ्यात पडली आणि त्यांना हलता आलं नाही. त्यांचे तेवढेच दोन फोटो मिळाले.

दूरच्या पाहुण्यांना बघता यावेत म्हणून मी लग्नाचे फोटो ऑनलाइन गॅलरीत टाकतो. त्यासाठी मोठ्या फाइली लहान कराव्या लागतात. त्या वेळी घाईत मी सगळ्या एकदमच लहान केल्या आणि मूळ फाइलींवरच सेव्ह केल्या.

आठवड्यानं नवरीचा फोन आला. "दादा, कितीक फोटो खालून राखाडी दिसून राह्यले. काऊन?"

मी कामात होतो. न बघताच म्हणालो, "तुमच्याकडं नेट कमी असन, ताई. थोडं थांबून पाहा."

ती बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी बाजारहत्नूरला लग्न होतं. कॅमेऱ्यातलं कार्ड रिकामं केलं आणि निघालो.

पंधरा दिवसांनी तिचे वडील शेतातून आले, ओसरीवर टेकले, ते उठलेच नाहीत. चौथ्या दिवशी तिचा पुन्हा फोन आला. "तेरवीले बाबाचा फोटो लावाचा हाय. पाठवणीतला द्या."

मी फाइल उघडली. नाकाखाली नुसता राखाडी पट्टा. दुसऱ्या फोटोत कपाळ एकीकडं सरकलेलं, डोळ्यांवर जांभळ्या-हिरव्या रेघा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिलं, तेच. मग एक चांगला फोटो घेऊन त्याची प्रत तीनदा लहान केली. एकदा नीट आली, दोनदा फुटली, आणि दोन्ही वेळा वेगवेगळ्या जागी. तेव्हा कळलं, दोष फोटोत नाही, माझ्या मशीनमध्ये आहे. आदिलाबादच्या दुरुस्तीवाल्यानं तपासून कॉम्प्युटरमधली खराब झालेली मेमरीची पट्टी काढून हातात दिली. नवी घातल्यावर फोटो फुटायचे थांबले. पण फुटलेले तसेच राहिले. कार्डातून मिटवलेलं परत काढायचा प्रयत्न केला, तर त्यात बाजारहत्नूरच्या लोकांची हळद निघाली.

एका फाइलीच्या आत कॅमेऱ्यानं स्वतःसाठी ठेवलेलं छोटं चित्र तेवढं शाबूत होतं. पोस्टाच्या तिकिटाएवढं. मोठं केलं की चेहऱ्याचे चौकोन व्हायचे, म्हणून होतं तेवढंच छापलं.

ती नवऱ्याबरोबर स्टुडिओत आली. मी सगळं सांगितलं, नेटचं खोटं होतं हेही. तिनं ऐकून घेतलं.

"मी पयल्यांदा फोन केला, तवा होता का तो फोटो?"

"होता. कार्डात होता."

नवरा काही बोलणार होता, तिनं त्याच्या हाताला धरून थांबवलं. मग ते चित्र पदराच्या टोकात बांधलं.

तेरवीला मी गेलो. चौकटीत वडिलांच्या आधार कार्डावरचा चेहरा मोठा करून लावला होता, काळपट, ओळखू न येणारा. जेवायला बसलो तेव्हा वाढायला तीच आली. माझ्या पानात भात वाढून ती पुढच्या पानाकडं गेली.