करवंटीचा कोळसा

पेण पोलीस ठाण्यात असतानाची ती घटना अजून माझ्या मनातून गेलेली नाही. नव्वदच्या दशकातले थंडीचे दिवस होते. सकाळची हजेरी चालू असताना जिते गावाहून फोन आला. बोलणारा मयताचा धाकटा भाऊ होता.

"साहेब, दादा काल संध्याकाळी गेला. आता उचलायची तयारी चाललीय. पण तोंड लाल हाय, जिवंत माणसासारखं. वहिनीनं काय तरी घातलंय."

ठाणे अंमलदाराने डायरीत नोंद घेतली आणि आम्ही निघालो. रडणाऱ्या माणसांसमोर तिरडी थांबवणं, यासारखं नकोसं काम पोलिसाच्या नोकरीत दुसरं नाही.

मयत इसम गल्फमध्ये ड्रायव्हरकी करून परतलेला. तिकडूनच हुक्का आणलेला. बायकोला तो डोळ्यांसमोर नको असे. "एक दिवस खाडीत टाकते तुमचा हुक्का," असं ती ओरडल्याचं शेजाऱ्यांनी सांगितलं. अकस्मात मृत्यूची नोंद करून आम्ही पंचनामा केला. खोलीत हुक्का होता, निखाऱ्यांची राख साचलेली शेगडी होती, आणि खिडकीच्या फटीत जुनं लुगडं कोंबलेलं होतं. प्रेत पोस्टमॉर्टेमला पाठवलं.

ठाण्यात महिला शिपाई शेजारी बसवून मी मयताच्या बायकोचा जबाब घेऊ लागलो.

"हुक्का कोणी पेटवला?"

"त्यांनीच."

"त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, बाई."

त्यांनी पदर तोंडाशी नेला. "मीच पेटवला, साहेब. इतकी वर्षं त्याच्यावरून भांडले. आता मीच भरून दिला, हे दिराला कुठल्या तोंडानं सांगू?"

इतक्यात डॉक्टरांचा फोन आला. रक्त गडद व्हायचं ते लालभडक होतं. विषापेक्षा त्यांना कोळशाच्या वायूचा संशय होता. नंतर मुंबईच्या प्रयोगशाळेनेही तेच कळवलं. फोन ठेवून मी बाईंकडे परत आलो आणि विचारलं, "कोळसा कुठला होता?"

"रोह्याचा. करवंटीचा."

आणि बाई भडाभडा बोलू लागल्या. लाकडाच्या कोळशाने नवऱ्याला ठसका लागे. हुक्का सुटत नव्हता, तर निदान धूर तरी कमी व्हावा म्हणून त्यांनी चौकशी केली. करवंटीचा कोळसा नैसर्गिक, त्याला वास नाही, निखारा पुष्कळ वेळ टिकतो, असं कुणीतरी सांगितलं. त्या स्वतः रोह्याला गेल्या. एकेक तुकडा मोडून पाहिला, अर्धवट जळलेले बाजूला काढले, पिशवीभर चांगले निवडून आणले. काल शेजारी हळद होती. खोकल्यामुळे नवरा घरीच राहिला. त्याला गारठा लागू नये म्हणून त्यांनी शेगडी भरून लाल केली, खिडकीची फट बुजवली, दार लोटलं आणि हळदीला गेल्या. परतल्या तेव्हा तो भिंतीला टेकून बसलेला. झोप लागली असेल असं वाटून त्यांनी अंगावर चादरही घातली होती.

"धूर नव्हता ना, साहेब. मग खिडकी कशाला उघडी ठेवू?"

डॉक्टरांचं म्हणणं मी त्यांना समजावलं: निखारा कुठलाही असो, बंद खोलीत त्याचा वायू माणसाला नकळत मारतो. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "लाकडाचा असता तर ते खोकले असते. उठून दार तरी उघडलं असतं. व्हय ना?"

मी जबाबाचा कागद सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवला.

दीर बाहेरच्या बाकावर बसला होता. सगळं कळल्यावर तो आत आला आणि वहिनीच्या पायाशी बसला. "चुकलो गो वहिनी. चल, घरी चल."

"तू नाय चुकलास," त्या म्हणाल्या. "तू बोललास ते खरंच निघालं."

अपघाती मृत्यू म्हणून प्रकरण बंद झालं. त्यात गुन्हेगार नव्हता हे लगेच शोधून काढल्याबद्दल वरिष्ठांनी शाबासकी दिली. त्यानंतर मी कित्येक संशयितांना निर्दोष म्हणून घरी पाठवलं. बहुतेक जण सुटकेचा निःश्वास टाकत गेले. या बाई मात्र ठाण्याच्या पायऱ्या दिराचा हात धरून उतरल्या, आणि आरोपी कोठडीकडे चालतो तशा घराकडे चालू लागल्या. संशय खोटा ठरवणं एवढंच पोलिसाच्या हातात असतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्यापुढचं त्यांचं त्यांनाच भोगायचं होतं.