डोळे मिटले की पाय नाहीसे

"पाय जुळवून उभ्या राहा," डॉक्टर म्हणाले. "आता डोळे मिटा."

मी मिटले. मी अगदी सरळ उभी होते. निदान मला तसं वाटत होतं. डोळे उघडले तेव्हा डॉक्टरांचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर होते आणि माझी धाकटी बहीण पल्लवी खुर्चीतून उठून धावली होती. मी पडत होते. खोलीत ते माझ्याशिवाय सगळ्यांना कळलं होतं.

नांदेडचा दवाखाना होता. माझ्या लग्नाला नऊ आठवडे उरले होते.

मी अश्विनी. पूर्णेला शाळेत शिकवते. माझं लग्न चुडाव्याच्या नितीनशी ठरलं. रिसेप्शनला आम्ही दोघांनी नाचायचं, हा पल्लवीचा हट्ट. दर रविवारी दुपारी नितीन गाडीनं यायचे आणि पल्लवी आम्हाला गच्चीवर शिकवायची. शेवटी मी डोळे मिटून एक गिरकी घ्यायची आणि त्यांनी मला धरायचं.

सुरुवात त्याआधीच झाली होती. तोंडाला साबण लावला की कुणीतरी मागून हलकेच ढकलल्यासारखं व्हायचं. मी वळून बघायचे. न्हाणीघरात कुणी नसायचं. एकदा वर्गात पोरं हसायला लागली, तेव्हा कळलं की माझी एक चप्पल व्हरांड्यातच राहिली आहे. पायाला पत्ताच नव्हता. वह्या तपासताना मान खाली घातली की मानेपासून कमरेपर्यंत सर्रकन वीज उतरायची, कुणी बोट फिरवावं तशी.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. लग्नाच्या तोंडावर असलं काय सांगणार?

मग तो रविवार आला. गिरकी घेतली आणि मी खाली आदळले. कोपर सोललं. संध्याकाळी पल्लवीनं मोबाईलवर केलेलं चित्रीकरण दाखवलं. त्यात मी एका बाजूला कलत चालले आहे, कापलेलं झाड कलावं तशी, आणि माझ्या चेहऱ्यावर छान हसू आहे. फरशीला टेकेपर्यंत ते हसू तसंच आहे. मी ते तीनदा पाहिलं. ती बाई मला ओळखीची वाटेना.

"ताई, तू पडायलीस ते तुला कळलं न्हाई का?" पल्लवीनं हळूच विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले, आणि पहिल्यांदा खरं बोलले.

दुसऱ्याच दिवशी ती मला नांदेडला घेऊन गेली. रक्ताचा आणि मानेच्या एमआरआयचा रिपोर्ट चार दिवसांनी आला. त्या चार दिवसांत मी बसून तोंड धुतलं आणि घरातला एकही दिवा मालवू दिला नाही. अंधार झाला की कमरेखाली मी संपायचे.

आजाराचं नाव होतं सबॲक्यूट कम्बाइन्ड डिजनरेशन. डॉक्टरांनी कागदावर पाठीचा कणा काढून समजावलं. "शरीरात बी ट्वेल्व्ह हे जीवनसत्त्व फार कमी झालं की मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण झिजतं. पाय कुठे आहेत ही खबर मेंदूला पोचत नाही. डोळे उघडे असतात तोवर डोळे ते काम करतात."

मग त्यांनी खाण्यापिण्याचं विचारलं. आमच्या घरात मटण-अंडं नाही. पित्ताची गोळी मी कित्येक वर्षं रोज घेत होते; तीही हे जीवनसत्त्व अंगी लागू देत नाही, हे तेव्हा कळलं. त्यात लग्नात बारीक दिसावं म्हणून दूध-दहीही सोडलेलं. डॉक्टर रागावले नाहीत. "इंजेक्शनं आजपासूनच. बरंच भरून येईल," ते म्हणाले. "सगळं येईलच, असं वचन देत नाही."

त्या वाक्यावर मी नितीनना फोन केला. म्हटलं, तुमच्या घरी सांगा आणि वाटलं तर मोडा.

ते दुसऱ्या दिवशी आले. सोबत त्यांची आई; त्यांना मी मावशी म्हणायचे. मावशी बराच वेळ माझ्या पायांकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडं बायका म्हणायल्यात, पोरीला बाहेरचं लागलंय."

"सुईनं उतरंल म्हणायलेत डॉक्टर, आई," नितीन म्हणाले. "बाहेरचं असं उतरतंय का?"



आधी रोज एक इंजेक्शन, मग आठवड्याला एक. तिसऱ्या आठवड्यात मानेतली वीज थांबली. पाचव्यात फरशी गार लागली आणि मी रडले. नितीन येत राहिले. गच्चीवर आम्ही नुसतं चालायचो, कठड्यापासून कठड्यापर्यंत, माझी नजर पायांवर आणि त्यांची माझ्यावर. गिरकी पल्लवीनंच काढून टाकली.

रिसेप्शनला नाच झाला. हॉलचे सगळे दिवे लावलेले. सहा पावलं पुढं, सहा मागं. पाहुण्यांना वाटलं, नवरी लाजून खाली बघते आहे. मी पाय मोजत होते.

आजही दोन्ही अंगठे बधिरच आहेत. महिन्याला एक इंजेक्शन चालू आहे. तुमच्यापैकी कुणाला तोंड धुताना तोल जात असेल, पायातली चप्पल कळत नसेल, तर लाजू नका आणि लग्न उरकायची वाट पाहू नका. उशीर झाला असता तर मी उठलेच नसते, असं डॉक्टर म्हणाले होते.

त्या दिवशी नाच संपल्यावर आहेर द्यायला रांग लागली. तासभर तरी उभं राहावं लागणार होतं. तेवढ्यात मावशी स्टेजवर आल्या, मागचं मोठं आसन स्वतः ओढत पुढं आणलं आणि माझ्या खांद्याला धरून मला बसवलं. रांगेतल्या पहिल्या बाई त्यांच्या नात्यातल्याच होत्या. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"नवरी बसूनच भेटंल," मावशी त्यांना म्हणाल्या, "तिच्या पायाला आराम पायजे." आणि त्या माझ्या बाजूला उभ्या राहिल्या, रांग संपेपर्यंत.