टेबलाखालचा अंगठा

आमचा इंटरनेटवाला चिंचणीचा. दोन मिनिटं एका जागी टिकेल तर शपथ. पाणीसुद्धा उभ्यानेच पितो. "बसाया टाइम नाय वयनी, बोईसरला अजून तीन घरं हायेत."

त्या दिवशी मुलीची ऑनलाइन मुलाखत दहा मिनिटांवर आलेली आणि कॉम्प्युटरचं नेट सारखं जात होतं. त्याने वायर राउटरच्या चारही भोकांत लावून पाहिली. वायरच्या कॉम्प्युटरकडच्या पिनेचं लॉकच तुटलं होतं, त्यामुळे ती सैल बसायची.

"शेवटची पिन सकाली आपल्या इकडच्या माहीमला लावली," तो पिशवी उलटी करत म्हणाला. मग टेबलाखाली शिरून त्याने पिन अंगठ्याने दाबून धरली. हिरवा दिवा लागला.

"बोल बाय तू."

चाळीस मिनिटं त्याचा पाय हलत होता, खिशातला फोन थरथरत होता. अंगठा हलला नाही.