सुई ओवणारी आंधळी

इस्पितळाच्या धुलाईघरामागे शिवणखोली होती. तिथे सगळे तिला टाचणी म्हणत. अंगाने बारीक आणि बोलायला टोचरी. एकोणिसाव्या वर्षी डोळ्यांचे पडदे सुटले आणि दिसणं कायमचं गेलं. पुढे अंधकल्याण कार्यालयाने शिवण शिकवून तिला इथे चिकटवून दिलं. अकरा वर्षं ती फाटक्या चादरी बोटांनी चाचपून सांधत होती. सुईचं भोक जिभेच्या टोकाने शोधून दोरा ओवायची.

एक दिवस कार्यालयातून बोलावणं आलं. अधिकाऱ्याने ‘बसा’सुद्धा म्हटलं नाही.

“दारातून टेबलापर्यंत सरळ कशा आलात?”

“काठीने. तुमच्याच ऑफिसने दिलीय.”

“तुम्हाला दिसतं अशी तक्रार आहे. खऱ्या आंधळ्याची जागा अडवलीत म्हणे.”

“कोण म्हणे?”

“नाव लिहिलेलं नाही.”

तिने डॉक्टरी दाखला पुढे केला. त्याने तो न उघडताच परत सरकवला. “दाखले काय, कुणीही आणतं. कामावर येऊन बघू.”

गुरुवारी तो आला आणि चकार शब्द न काढता भिंतीशी उभा राहिला. मशीनपासून कपाटापर्यंत सात पावलं. तिथे टाचणी काठीशिवाय जायची. त्याने मधल्या वाटेत लोखंडी स्टूल सरकवलं. शिवणखोलीच्या मुकादमबाईने पाहिलं, पण तोंड उघडलं नाही. टाचणी धाडकन पडली आणि मनगट मोडलं. बायका ओरडत धावल्या. तोवर त्याने वहीत लिहूनही टाकलं : ‘दिसत नाही. खात्री केली.’

नोकरी टिकली. पण टाचणीने भांडून तक्रारीची प्रत मिळवली. शेजारच्या मशीनवालीने ती वाचून दाखवली : ‘सुई ओवते, पैसे बरोबर ओळखते, आणि घरी मात्र राणीसाहेबांना ताट हातात लागतं.’

राणीसाहेब! असं तिला जगात एकच माणूस म्हणायचं.

ती दादा-वहिनीकडे राहायची. घरी जाऊन तिने वहिनीला सरळ विचारलं. वहिनीने हातातलं पातेलं आपटलं. “हो, मीच लिहिलं. तुझं कौतुक ऐकून कान किटले माझे. तुला शिकवलं, तुला नोकरी दिली. मला कोणी विचारलं? डोळे धड असून मी ओट्याशीच!”

“मग माझी भाकरी काढून तुला मिळणार होती?”

दादा टीव्हीसमोरून हलला नाही. “तुमचं तुम्ही बघून घ्या,” म्हणाला.

त्याच आठवड्यात टाचणीने इस्पितळाजवळ खोली घेतली. अधिकाऱ्याविरुद्ध तिने अर्ज केला. उत्तर आलं की स्टूल आधीपासून तिथेच होतं. खाली साक्षीदार म्हणून मुकादमबाईची सही. टाचणी त्याच बाईच्या हाताखाली, प्लास्टरच्या हाताने कापड दाबून धरत, शिवत राहिली. तिच्याशी मात्र कामापलीकडे एक शब्द बोलली नाही.

महिन्याभराने दादा खोलीवर आला.

“घरी चल. ती रडतेय गं.”

“रडू दे. माझं शिवणाचं सामान आणलंस का?”

आणलं होतं. तिने दारातच पिशवी उघडली. कात्री, माप, रिळं, एकेक वस्तू चाचपली. “बटणांचा डबा राहिला,” म्हणाली, आणि दार लावून घेतलं.