कान्हाच्या सुटकेचा दिवस

बोनकोडे गावात हिरूबाय पाटलिणीशी भांडून कोणी जिंकल्याचं ऐकिवात नाही. तिच्या तोंडी लागण्यापेक्षा भरतीच्या वेळी खाडीत उभं राहिलेलं बरं, असं गावातले पुरुष म्हणत आणि ती समोरून येताना दिसली की बाजूला होत. उमेदीची वर्षं तिने मिठागरात काढली होती. पुढे मिठागर गेलं, भाताची खारजमीन गेली, दोन्हींवर भराव पडला आणि भरावावर बिल्डिंगांचे सेक्टर उभे राहिले. नवरा त्याच्याही आधी गेला होता. मुलगा धर्मराज टेम्पो चालवायचा आणि बायकोपोरांना घेऊन कामोठ्याला राहायचा. हिरूबाय गावठाणातल्या घरात एकटी राहून बिल्डिंगवाल्यांना सुकी मासळी विकायची. कुणी भाव पाडून मागितला की म्हणायची, घासाघीस करायची तर माझ्या घरची भांडी घे. तरीही गिऱ्हाइकं तिच्याकडेच यायची, कारण तिचा माल चोख असायचा.

अशा या बाईच्या पदरात कोल्ह्याचं पिल्लू आलं. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट असेल. खाडीच्या कडेला डंपर दगडमाती ओतत होते. हिरूबाय तिवरांची वाळकी लाकडं गोळा करायला गेली होती. एका ढिगाऱ्याखाली बीळ गाडलं गेलं होतं आणि त्यातलं एकच पिल्लू बाहेर पडून कुंईकुंई करत होतं. ड्रायव्हर म्हणाला, कुत्र्याचं आहे, राहू दे. कुत्र्याचं नाही हे हिरूबायला बघताक्षणी कळलं. लहानपणी बापाच्या कलिंगडाच्या वाडीवर राखणीला बसून तिने याच जातीला काठी घेऊन पिटाळलं होतं. आता त्याच जातीचं पोर तिने पदरात गुंडाळलं आणि लाकडं तिथेच टाकून घरी आली.

शेळीच्या दुधात कापूस बुडवून तिने ते जगवलं. दुसरीच्या पोटचा म्हणून नाव ठेवलं कान्हा. दात आल्यावर बोंबील भिजवून, काटा काढून भरवायला लागली. स्वतःच्या मुलाला तिने काटा काढून कधी भरवलं नव्हतं, त्या काळात मिठागरातून घरी यायलाच अंधार पडायचा. कान्हा तिच्या मांडीवर झोपायचा, बाजारात जाताना ती त्याला दोरीने दाराशी बांधायची, परत आली की तो पायांत घोटाळायचा आणि दुसऱ्या कुणी हात लावला तर दात दाखवायचा. उभ्या गावाला शिव्या देणारी बाई या जनावराशी इतकं हळू बोलायची, की शेजारणी भिंतीला कान लावून ऐकायच्या.

बिल्डिंगवाल्यांनाही कान्हाचं कौतुक होतं, अर्थात आपल्या सोयीने. सकाळी कोल्ह्याचं तोंड बघितलं की दिवस चांगला जातो, ही समजूत फ्लॅटमध्ये राहायला आलं म्हणून काही सुटत नाही. कुणाचा इंटरव्ह्यू, कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे, मग दात घासायच्या आधी मंडळी हिरूबायच्या दारात. समोरच्या सोसायटीचे सुधीर करंदीकर तर प्रमोशन अडलं होतं तेव्हा रोज यायचे. प्रमोशन झालं, पेढे आले. कान्हाने दोन खाल्लेसुद्धा.

पण कान्हा वयात आला आणि औद्योगिक पट्ट्यातल्या कंपनीचा भोंगा झाला की मान वर करून त्याला उत्तर द्यायला लागला. रात्रपाळीचा भोंगा, पहाटेचा भोंगा, एकही सोडत नसे. झोपमोड झाल्यावर शुभशकुन कुणाला हवा असतो? ज्यांनी पेढे आणले त्याच करंदीकरांनी एका प्राणिमित्र संस्थेला फोन केला. पनवेलच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, जंगलाला लागून या संस्थेचा 'आसरा' होता. सर्कशीतली, मदाऱ्यांकडची, फासात सापडलेली जनावरं तिथे आणून ठेवायचे.

वनखात्याच्या माणसांबरोबर जीप घेऊन आला तो अभय, आसऱ्याचा जनावरांचा डॉक्टर. पोरगा भला होता. रानातलं जनावर घरात ठेवणं गुन्हा आहे, आज ना उद्या कुणीतरी याला विष घालेल, हे त्याने चार वेळा समजावून सांगितलं. हिरूबायने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती कलेक्टरलाही 'तू' म्हणाली असती, तिथे हा कोण. पण आयुष्यात पहिल्यांदा तिचं तोंड कामाला आलं नाही. शेवटी कान्हा दुसऱ्या कुणाच्या हाताला येईना म्हणून तिलाच त्याला उचलून पिंजऱ्यात ठेवावं लागलं.

वर्षाने अभय स्वतः तिला बोलवायला आला. आसऱ्यात कान्हाचा दिवस आहे, मावशी, तुम्ही या, एवढंच म्हणाला. हिरूबायने वाढदिवस समजून तयारी केली. ठेवणीतलं लुगडं, ताम्हण, निरांजन, सुपारी, कापडात बांधलेले बोंबील. दोन बस बदलून ती पोचली तेव्हा मांडव घातला होता, शाळेची मुलं बसली होती, जाळीवर फुगे लावले होते. आसऱ्यात प्रत्येक जनावराचा असा दिवस करायची पद्धत होती. ज्या दिवशी ते तिथे आलं, तो त्याच्या सुटकेचा दिवस. बोर्डावर तसं लिहिलंही होतं, पण हिरूबायला वाचता येत नव्हतं.

मग संस्थेच्या अध्यक्षा बोलायला उभ्या राहिल्या. बाई मनापासून बोलत होत्या. या मुक्या जिवाला एका अंधाऱ्या घरातून, दोरीच्या फासातून आपण कसं सोडवलं, हे त्यांनी मुलांना रंगवून सांगितलं. त्या घरातली बाई पहिल्या रांगेत ताम्हण घेऊन बसली आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. हिरूबाय आधी हळहळली. मग दोरीचा रंग, शेळी, भोंगा असं एकेक तिच्या कानावर पडत गेलं. तिने वळून अभयकडे बघितलं.

"म्हंजे माज्यापासून सोरवला त्याला?"

सगळ्यांना वाटलं, आता ही बाई मांडव डोक्यावर घेणार. तिने तसं काही केलं नाही. निरांजन लावलं, जाळीच्या दारातून आत गेली आणि धावत आलेल्या कान्हाला ओवाळलं. घरी ओवाळताना पळवायचा तशी त्याने ताम्हणातली सुपारी पळवली. मुलं हसली. सुटका झालेला कैदी आपल्या जेलरच्या कुशीत शिरावा तसा तो तिच्या कुशीत शिरला होता, आणि हे अध्यक्षाबाईंनाही दिसलं.

पुढच्या वर्षापासून भाषणातली दोरी गेली. हिरूबाय कान्हाची आई म्हणून येऊ लागली. तिचं ओवाळणं बघायला लोक यायचे, फोटो काढायचे. उरलेलं वर्ष ती त्या एका दिवसाच्या आशेवर काढायची. मासळी निवडताना सगळ्यात चांगले बोंबील बाजूला पडायचे, ते कुणी कितीही मागितले तरी विकायची नाही. धर्मराज चिडून म्हणायचा की नातवाच्या वाढदिवसाला तुला सवड नसते. खरं होतं ते.

पण तो दिवस झाला की कान्हा खायचं सोडून जाळीच्या दाराशी बसायचा. कोणी बाई रस्त्याने बोलत गेली तरी उठून उभा राहायचा. तोवर आसऱ्यात एक मादी आली होती, तिच्याशी त्याचं जमत होतं, दोघांना रानात सोडता येईल असं अभयला वाटत होतं. फक्त कान्हाला माणसाची भीती नव्हती. असा कोल्हा रानातून थेट गावात येतो, अंगणात येऊन बसतो, आणि लोक त्याला पिसाळलेला समजून ठेचतात. अभयने हे तिला बोनकोड्यात येऊन सांगितलं. मावशी, तुम्ही दोन-तीन वर्षं येऊ नका, म्हणाला. हिरूबाय उंबऱ्यावरून उठली आणि दार लावून घेतलं.

त्या वर्षीच्या सुटकेच्या दिवशी ती आलीच. अभय तिला अडवायला पुढे गेला. पण तिच्या हातात ताम्हण नव्हतं, काठी होती. मुलांना मांडवात न्यायला तिने सांगितलं, म्हणजे त्यांना दिसणार नाही.

"मी आली नाय तं त्यो वाट बगंल. जलमभर बगंल," ती म्हणाली. "कोल्ह्याला एकदाच मारायचा, पन मनापासून मारायचा. लुटुपुटीचा मारला का त्यो खेल समजतो."

ती आत गेली. कान्हा शेपटी हलवत, पोट जमिनीला घासत आला आणि तिच्या पायांवर लोळला. तिने काठी हाणली ती हलकीच पडली. तो उताणा झाला, त्याला गंमत वाटली. हिरूबाय तशीच उभी राहिली. जाळीबाहेरून अभय म्हणाला, राहू द्या मावशी, आपण दुसरं काहीतरी बघू. तिने ऐकलं नाही. दोन्ही हातांनी काठी धरली आणि त्याच्या तोंडावर मारली.

कान्हा किंचाळला. लांब गेला, थांबला आणि परत आला. सरपटत आला आणि जिने मारलं तिचाच हात चाटायला लागला. त्या क्षणी हिरूबायला वाटलं की काठी टाकावी, याला उचलावं आणि दोन बस बदलून घरी न्यावं, मग काय व्हायचं ते होवो. त्याच्या नाकातून रक्त येत होतं. तिने पुन्हा मारलं, पाठीवर, पायांवर, कलिंगडाच्या वाडीवर ओरडायची तशी ओरडत मारत सुटली. कान्हा पार कोपऱ्यात गेला. तिथून त्याने आयुष्यात पहिल्यांदा तिला दात दाखवले. ती आणखी पुढे गेली तसा तो वळला आणि बिळात शिरला. मग बाहेर आलाच नाही.

अभयने तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. ते तिने तोंडाला लावलं नाही. आपण पोटचं पोर मारलं, असं ती त्या दिवशी बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाली आणि ती बाई घाबरून उठून दुसरीकडे बसली.

पावसाळा संपल्यावर कान्हाला आणि त्याच्या मादीला जंगलात सोडलं. हिरूबायला कुणी बोलावलं नाही आणि बोलावलं असतं तरी ती गेली नसती.

पुढच्या वर्षी मात्र तो दिवस आला तेव्हा अभय गाडी घेऊन न्यायला आला. जाळीतली जागा मोकळी होती, तिथे कान्हाचा मोठा फोटो लावून हार घातला होता. हाराकडे बघून हिरूबाय दारातच थांबली. मेलेल्यालाच हार घालतात एवढंच तिला माहीत होतं. अभयने घाईघाईने सांगितलं की तसं नाही मावशी, कान्हा जिवंत आहे, अगदी मजेत आहे.

मग माइकवरून त्याने सगळ्यांना ती बातमी दिली. ओढ्याकाठी वनरक्षकांना कान्हा दिसला होता, मादीबरोबर, आणि मागे तीन पिल्लं होती. माणसाची चाहूल लागली की क्षणात नाहीसा होतो, गावाकडे फिरकत नाही. अध्यक्षाबाई म्हणाल्या की आज खऱ्या अर्थाने सुटका झाली.

हिरूबायने बसल्या जागेवरून विचारलं, "बाया बगून पन पलतो?"

या बाईशी खोटं बोलणं अभयला जमणारं नव्हतं.

"बायांना तर सगळ्यात जास्त घाबरतो, मावशी," तो म्हणाला. "पुरुष लांब असला तर थांबून बघतो तरी. लाकूडफाट्याला आलेल्या बायकांचा नुसता आवाज आला तरी पिल्लांना घेऊन पळतो."

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलं उभी राहून टाळ्या वाजवत होती. हिरूबायही वाजवत होती, आणि बाकीचे थांबले तरी तिला थांबायचं सुचलं नाही.