गाडीमागचा हिरवा दिवा

पंपाच्या स्टार्टरला हात लावावा तर उत्रोलीच्या हनुमंतानंच, असं भोरच्या आसपास कुणीही सांगेल. माणूस तिरसट, पण हाताला गुण. दिवाळीपासून मात्र त्याचं कामात चित्त नव्हतं. थोरला भाऊ अमृत त्याला विसरला होता.

अमृतनं उभी हयात मिरज लाईनीवरचं रेल्वेचं एक फाटक सांभाळलं. बायको गेली, मूलबाळ नाही, आणि आता डोक्यातलंही एकेक पुसत चाललेलं. म्हणून हनुमंतानं त्याला घरी आणलं. रोज सकाळी तोंड धुवायला पाणी देणाऱ्या भावालाच तो विचारायचा, "तुमी कोन?" हनुमंत नाव सांगायचा; दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मरण्याआधी एकदा तरी दादानं 'हणम्या' म्हणावं, एवढीच त्याची आस होती.

फाटक दिसलं तर आठवेल, या आशेनं त्यानं पुण्याहून खेळण्यातली आगगाडी आणली. "घरात पोर न्हाई अन् थोरंच खेळाया लागली," बायको मंगल म्हणाली; पण गाडी मांडायला फळी तिनंच घासूनपुसून दिली. फळीवर गोल रूळ, काड्यांचं फाटक आणि लाल-हिरव्या दिव्यांचा सिग्नल. सर्किट बोर्डावर रिले बसवला. गाडी सिग्नलपुढं गेली की रिले टक् करून खटका ओढणार आणि दिवा बदलणार. हनुमंताला त्यात काय अवघड? हिरवं बटण म्हणजे मोटर चालू, लाल म्हणजे बंद, यातच त्याचा जन्म गेलेला. गाडी पुढं धावतेय तर हिरवा, अशा हिशेबानं त्यानं वायरी जोडल्या.

अमृतला पुढ्यात बसवून गाडी सोडली. गाडी सिग्नल ओलांडून गेली, हिरवा लागला, आणि म्हातारा ताडकन उठला.

"आरं, गाडी अजून पुढंच हाय! मागं हिरवा कुनी दिला? दुसरी येऊन धडकंल की!"

खांद्यावरचा टॉवेल झेंडीसारखा हलवत तो फळीवर पडता पडता राहिला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मंगलनं त्याला कवेत धरून बसवलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. हनुमंताला स्वतःचीच चीड आली. रेल्वेत हिरवा म्हणजे मागच्यानं खुशाल यावं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

त्यानं सोल्डरचा डाग सोडवून रिलेवरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या. गाडी पुन्हा सोडली. या खेपेला तिच्यामागं लाल लागला.

अमृत निवला. कितीतरी महिन्यांनी त्याचा चेहरा जाणत्या माणसाचा दिसला. हनुमंत अधीर होऊन जवळ सरकला.

"दादा, वळखलं का?"

"वळखलं की. सिग्नलवाले सायेब न्हवं तुमी? झ्याक काम केलंसा." मग अमृतनं आवाज खाली आणला. "सायेब, एक निरोप द्याल का? उत्रोलीला माजा धाकटा भाव असतो, हणम्या. त्याला म्हनावं, दादा लई वाट बगतोय. एकदा येऊन जा."

हनुमंतानं हातातली वायर खाली ठेवली.

"सांगतो," तो म्हणाला.