नलूताईंच्या गॅरेजमधली ऊब

फेब्रुवारीत वसंतरावांचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं काढून नुकतीच घरात आले होते. "वहिनी, नलू गेली," एवढंच ते म्हणाले. बुटांवरचा बर्फ वितळून फरशीवर पाणी पसरत होतं आणि मी कोट न काढता तशीच उभी राहिले... आजारपण माहीत होतं, तरी.

नलूताई इथे कनाटा उपनगरात आमच्या मागच्याच रस्त्यावर राहायच्या. इथल्या हॉस्पिटलांत आयुष्यभर भूलतज्ज्ञ म्हणून काम केलं आणि रिटायर झाल्यावर कम्युनिटी सेंटरमध्ये जाऊन सुतारकाम शिकल्या. घरामागचं सुटं गॅरेज त्यांनी ताब्यात घेतलं. वसंतरावांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, ते अजिबात पसंत नव्हतं. टेलिकॉम कंपनीतून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थाच्या मनात आता दोघांनी मिळून जग हिंडायचं होतं. "आमच्या डॉक्टरीणबाई रंधा मारतात," असं ते चारचौघांत हसून सांगायचे, पण त्या हसण्याला बोच असायची.

पहिल्या हिवाळ्यात गॅरेजमध्ये अंगणाइतकीच थंडी. हातमोजे घातले तर पटाशी नीट धरता येईना, काढले तर लोखंड बोटांना डसायचं. त्या गारठ्यात त्यांनी आमच्यासाठी देवघर केलं. आठवडाभरात ते सांध्यासांध्यातून सुटलं. आतला ग्लू खडूच्या भुकटीसारखा पांढरा पडला होता, थंडीत त्यानं लाकूड धरलंच नव्हतं. गणपती आणि बाळकृष्ण फळ्यांच्या ढिगात बसलेले पाहून नलूताई हसून हसून बेजार झाल्या.

मग त्यांनी प्रोपेनचा हीटर आणला. ऊब आली, पण भिंतींना पाणी सुटलं, हत्यारांना तांब चढली. एका दुपारी दार घट्ट लावून काम करताना त्यांचं डोकं जड झालं, मळमळायला लागलं. हीटरचा विषारी वायू आत कोंडलाय हे ओळखून त्या धडपडत बाहेर आल्या आणि कोटाशिवाय बर्फातच बसल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वसंतरावांनी ते पाहिलं. त्यांनी फोन करून मलाही बोलावून घेतलं, म्हणून पुढचं मी ऐकलं.

"जन्मभर दुसऱ्यांचे श्वास सांभाळलेस आणि स्वतःचा असा कोंडून घेतेस? बंद कर ते सगळं!"

"बंद नाही करणार, वसंत," त्या शांतपणे म्हणाल्या. "ऊब कशी करायची ते सांग. तू इंजिनिअर ना?"

बर्फ वितळल्यावर वसंतराव टेप घेऊन गॅरेजच्या भिंती मोजताना दिसले. त्या उन्हाळ्यात त्यांनी आणि माझ्या नवऱ्यानं, सुधीरनं, भिंतींत आणि छतात इन्सुलेशन भरलं, दाराच्या फटी बुजवल्या. इलेक्ट्रिशियननं घरातून वेगळी लाइन ओढून छताला विजेचा हीटर टांगला. पुढच्या थंडीत वसंतराव पेपर घेऊन तिथे बसायला लागले. विचारलं की म्हणायचे, "हीटरवर लक्ष ठेवतोय." घरात दोघं मोजकंच बोलायचे. तिथे मात्र, रंध्याचा आवाज थांबला की, त्यांच्या गप्पा बाहेर ऐकू यायच्या.

कॅन्सर कळला तो मागच्या वर्षी. केमोनंतर नलूताईंना सतत हुडहुडी भरायची. वसंतराव सकाळी आधी जाऊन हीटर लावत, वाटेवरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकत आणि मग दंड धरून त्यांना घेऊन जात. रंधा आता वसंतरावांच्या हातात आला होता. "अरे, दाबतोयस कशाला? त्याला जाऊ दे की आपल्या वजनानं..." त्या शालीतून सांगायच्या. ते परत पहिल्यापासून सुरुवात करायचे.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले. घरात कुणी नव्हतं. गॅरेजमध्ये वसंतराव स्वेटरच्या बाह्या सारून उभे होते, आणि आत इतकं उबदार होतं की मी कोट काढून ठेवला. त्यांनी एक स्टूल पुढे सरकवलं.

"मी केलंय. एकट्यानं. डुगडुगतंय थोडं, पण बसा."

मी बसले. ते म्हणाले, "लेक तिच्याकडे व्हँकुव्हरला चला म्हणते. म्हटलं, हे सरळ उभं राहू दे, मग बघू."

मग कानावरची पेन्सिल काढून ते सावकाश गुडघ्यांवर बसले आणि कुठला पाय आखूड राहिलाय ते शोधू लागले.